गॅमा १.०४ आला म्हणून सँपल मीन-फील्ड होत नाही: क्रिटिकल पॉइंटजवळच्या लाइट स्कॅटरिंगबद्दल

प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. एमएस्सीचा प्रोजेक्ट, आयसोब्युटिरिक ॲसिड आणि पाणी यांचं मिश्रण, ६३२.८ नॅनोमीटरचा हीलियम-निऑन लेझर, ९० अंशांच्या कोनात एकच डिटेक्टर. टीसीच्या (म्हणजे क्रिटिकल तापमानाच्या, ज्याच्या खाली मिश्रणाच्या दोन फेज वेगळ्या होतात) वर ३ अंशांपासून खाली येत येत ०.१ अंशापर्यंत स्कॅटर झालेल्या प्रकाशाची इंटेन्सिटी मोजली, लॉग-लॉग प्लॉट काढला आणि स्लोप, म्हणजे गॅमा हा घातांक, आला १.०४. पुस्तकांत लिहिलेलं असतं १.२४, मीन-फील्ड थिअरी (प्रत्येक रेणूवर बाकीच्यांचा फक्त सरासरी परिणाम धरणारी) सांगते १, त्यामुळे डिपार्टमेंटमध्ये सगळ्यांचं मत पडलं की हे सँपल मीन-फील्ड वागतंय. दुसरं म्हणजे डीएलएस (डायनॅमिक लाइट स्कॅटरिंग, म्हणजे स्कॅटर झालेला प्रकाश किती वेगाने कमीजास्त होतो ते मोजणं) लावल्यावर डिके टाइम, म्हणजे चढउतार विरायला लागणारा वेळ, आधी वाढत गेला आणि टीसीच्या जवळ आल्यावर वाढायचा थांबला, तर मशीन बिघडलंय का? आणि तिसरं, पुढे हेच काम एखाद्या गॅसवर करता येईल का?

मशीन ठीक आहे आणि सँपल मीन-फील्ड नाही. दोन्ही गोष्टींचं मूळ एकच आहे. तुमच्या लेझरला आणि ९० अंशांच्या कोनाला मिळून स्वतःची एक लांबी आहे, साधारण ५३ नॅनोमीटर, आणि टीसीपासून ०.१ अंशावर तुमच्या मिश्रणातल्या चढउतारांची लांबी बरोबर तिथे येऊन पोचते. हे नीट पटलं की बाकीचं सगळं सुटतं, म्हणून जरा मुळापासून सांगतो.

बीएस्सीला फेनॉल-पाण्याचं प्रॅक्टिकल केलेलं असेलच, आपल्याकडे सगळ्याच कॉलेजांत असतं. टेस्ट ट्यूब बीकरमधल्या पाण्यात धरायची, ढवळत ढवळत गरम करायची, गढूळपणा गेला की ते तापमान लिहायचं, थंड करताना परत आला की ते लिहायचं, दोन्हींची सरासरी काढायची, मग वेगवेगळ्या प्रमाणांसाठी असे बिंदू काढून कर्व्हचा माथा शोधायचा, तो येतो ६६ अंशांच्या आसपास. त्या प्रॅक्टिकलमध्ये सगळं लक्ष गढूळपणावर असतं, आणि गढूळपणा म्हणजे खरं तर दोन फेज वेगळ्या व्हायला लागल्याची खूण. पण माथ्याजवळच्या प्रमाणाची ट्यूब सावकाश थंड केली तर गढूळ व्हायच्या आधीच, अजून एकच फेज असताना, द्रावणात एक निळसर झाक येते, मग ती पांढरट होत जाते आणि ट्यूबमधून पलीकडचा बल्ब बघितला तर तो नारिंगी-तपकिरी दिसतो. हेच क्रिटिकल ओपॅलेसन्स. त्यात थेंब नाहीत, कण नाहीत, काहीही तळाशी बसत नाही, तापमान तिथंच धरून ठेवलं तर ती झाक दिवसभर तशीच राहते आणि अर्धा अंश वर गेलात की निघून जाते.

कारण असं की द्रावणात दोन्ही घटकांचं प्रमाण जागोजागी सतत थोडं कमीजास्त होत असतं. एरवी असा फरक पडायला ऊर्जा लागते म्हणून तो लहान राहतो. टीसीजवळ ही किंमत शून्याकडे जाते, त्यामुळे चढउतार मोठे होतात आणि लांबवर पसरतात. एकाच घटकाचा द्रव असेल तर प्रमाणाऐवजी घनता म्हणायचं, बाकी गोष्ट तीच. स्मोलुकोव्स्कींनी १९०८ मध्ये ओपॅलेसन्सचा संबंध या चढउतारांशी जोडला, आइन्स्टाइन यांनी १९१० मध्ये किती प्रकाश स्कॅटर होईल याचं सूत्र काढलं, आणि तेच सूत्र क्रिटिकल पॉइंटपासून लांबच्या साध्या द्रवालाही लागू पडतं. रामन १९२१ मध्ये युरोपहून परतताना समुद्राच्या निळ्या रंगाच्या मागे लागले तेव्हा त्यांनी याच विचाराचा आधार घेतला होता, आणि नेचरला पाठवलेल्या त्या पत्रावर पत्ता आहे नारकुंडा बोट, मुंबई बंदर. पुढे बंगळुरूच्या आयआयएस्सीमध्ये आर. एस. कृष्णन यांनी आणि नंतर ई. एस. आर. गोपाल यांच्या ग्रुपने द्रवमिश्रणांच्या क्रिटिकल पॉइंटवर भरपूर काम केलं. म्हणजे या विषयाची आपल्या देशातली परंपरा चांगली जुनी आहे, प्रोजेक्टच्या प्रस्तावनेत ती जरूर लिहा.

आइन्स्टाइन यांच्या सूत्रात मात्र एक अडचण होती. टीसीवर इंटेन्सिटी अनंत यायची, आणि सगळ्या कोनांत सारख्याच तऱ्हेने वाढायची. ऑर्नस्टाइन आणि झेर्निके यांनी १९१४ मध्ये ती सोडवली. त्यांनी विचार केला की एका ठिकाणचा चढउतार शेजारच्या ठिकाणावर किती अंतरापर्यंत परिणाम करतो. हे अंतर म्हणजे कोरिलेशन लेंग्थ, तिला आपण क्साय म्हणतो. आणि प्रकाश कोणत्या लांबीवर बघतोय ते ठरतं क्यू या राशीने, जी कोन, तरंगलांबी आणि रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स यांवरून निघते. त्यांचं उत्तर साधं आहे: इंटेन्सिटी म्हणजे ससेप्टिबिलिटी (चढउतार किती सहज मोठे होतात त्याचं माप, टीसीजवळ गॅमा या घातांकाने वाढणारं) भागिले एक अधिक क्यू-क्सायचा वर्ग. क्साय लहान असताना तो वर्ग नगण्य, इंटेन्सिटी सरळ ससेप्टिबिलिटीच्या प्रमाणात. क्साय मोठी झाली की छेद वाढतो आणि इंटेन्सिटीची वाढ दाबून टाकतो. निळसर झाक पांढरट का होते तेही यातूनच निघतं, कारण सुरुवातीला स्कॅटरिंग तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतं आणि क्यू-क्साय एकाच्या बरंच वर गेलं की ते दुसऱ्या घातावर येतं, म्हणजे निळ्या-तांबड्यातला फरक कमी होतो.

आता तुमचे आकडे टाकून बघू. आयसोब्युटिरिक ॲसिड-पाण्यासाठी क्सायचा सुरुवातीचा गुणक ०.३६ नॅनोमीटरच्या आसपास आहे आणि टीसीजवळ ती ज्या घाताने वाढते तो घातांक न्यू ०.६३. टीसी साधारण २६ अंश सेल्सिअस, म्हणजे २९९ केल्विन. टीसीपासून ३ अंशांवर क्साय येते साडेसहा नॅनोमीटर. ०.३ अंशावर २८. ०.१ अंशावर ५५-५६. ०.०३ अंशावर १२० च्या आसपास, आणि ३ मिलीकेल्विनवर ५०० नॅनोमीटर, म्हणजे प्रकाशाच्या तरंगलांबीच्या बरोबरीने. तुमच्या मांडणीत १ भागिले क्यू ही लांबी ५३ नॅनोमीटर. म्हणजे ३ अंशांवर छेद आहे १.०१५ आणि ०.१ अंशावर २.१. खरी ससेप्टिबिलिटी या पल्ल्यात ६७ पट वाढते पण तुमच्या डिटेक्टरला दिसते फक्त ३२ पट. ३० पट तापमानाच्या अंतरात ३२ पट वाढ, याचा स्लोप काढा: १.०२. तुमचा १.०४ आलाय. म्हणजे मोजमाप चांगलंच झालंय, अर्थ लावताना एक छेद राहून गेला, बस. हा योगायोग फार फसवा आहे कारण चुकीचं उत्तर नेमकं मीन-फील्डच्या आकड्याजवळ येऊन थांबतं आणि सगळ्यांना वाटतं की काहीतरी समजलं. पल्ला अजून खाली, ०.०३ अंशापर्यंत नेला असता तर हाच स्लोप ०.८५ आला असता आणि मग कुणीच मीन-फील्ड म्हटलं नसतं.

म्हणून एका कोनावर काम भागवू नका. डिटेक्टर फिरवता येत असेल तर प्रत्येक तापमानाला निदान पाच-सहा कोन घ्या, ३० ते १३० अंशांत, आणि इंटेन्सिटीचा व्यस्त उभ्या अक्षावर, क्यूचा वर्ग आडव्या अक्षावर असा प्लॉट काढा. सरळ रेष यायला हवी. तिचा इंटरसेप्ट देतो ससेप्टिबिलिटीचा व्यस्त, आणि स्लोप भागिले इंटरसेप्ट म्हणजे क्सायचा वर्ग. एकाच डेटातून गॅमा आणि न्यू दोन्ही निघतात आणि गॅमा जवळजवळ न्यूच्या दुप्पट यायला हवा, थोडासाच कमी, ही आपोआप तपासणीही होते. कोन बदलला की डिटेक्टरला दिसणारं लेझरच्या रेषेचं लांबीचं माप बदलतं, तेव्हा इंटेन्सिटीला कोनाच्या साइनने गुणायला विसरू नका. मांडणी बरोबर आहे का ते बघायला आधी शुद्ध टोल्यूइन ठेवून सगळे कोन फिरून घ्या, लेझर उभा पोलराइझ्ड असेल तर साइनचं करेक्शन केल्यावर इंटेन्सिटी सगळीकडे सारखी यायला हवी. ती सारखी येईपर्यंत क्रिटिकल सँपलला हातच लावू नका असं माझं स्पष्ट मत आहे.

आता टीसी. हा सगळ्यात नाजूक भाग. गॅमा काढताना आपण टीसीपासूनचं अंतर वापरतो, त्यामुळे टीसी १० मिलीकेल्विनने चुकला तर ३ अंशांवरच्या बिंदूला काही फरक पडत नाही पण ५० मिलीकेल्विनवरचा बिंदू २० टक्क्यांनी सरकतो. आपलं मिश्रण टीसीच्या वर एकजीव असतं, तेव्हा टीसी खऱ्यापेक्षा जास्त धरलात तर गॅमा कमी येतो, कमी धरलात तर जास्त येतो. म्हणजे टीसी थोडासा हलवून हवा तो गॅमा काढता येतो आणि हे किती लोक नकळत करतात ते सांगायला नको. पुस्तकातला टीसी तर मुळीच वापरू नका, थोडीशी अशुद्धता, ट्यूब सील करताना शिरलेली हवा, प्रमाणातला लहानसा फरक, यांनी प्रत्येक सँपलचा टीसी वेगळा असतो. त्याच सँपलचा, त्याच बाथमध्ये, त्याच थर्मामीटरने, रीडिंगच्या आधी आणि नंतर असा दोनदा टीसी काढायचा. दोन्ही वेळचे आकडे जुळले नाहीत तर सँपल बदलतंय.

काढायचा कसा, तर थेट लेझरचा किरण सेलमधून जाऊन पलीकडच्या पांढऱ्या कागदावर पडू द्या आणि खोली अंधारी करा. एकेक मिलीकेल्विन खाली या, प्रत्येक पायरीला थांबा. टीसीच्या वर असेपर्यंत कागदावरचा ठिपका मंद होत जातो, त्याच्याभोवती धूसर उजेड वाढतो पण त्याला आकार नसतो. टीसी ओलांडून एखाद-दोन मिलीकेल्विन खाली गेलात की काही वेळात ठिपक्याभोवती एक कडं दिसायला लागतं, आधी रुंद आणि फिकट, मग बघता बघता ते उजळ होतं आणि आत आत आकसत ठिपक्यात विरून जातं. याला स्पिनोडल रिंग म्हणतात. फेज वेगळ्या होताना तयार होणाऱ्या जाळीदार रचनेचा आकार वाढत असतो म्हणून कडं आकसतं. कडं दिसणारं तापमान आणि न दिसणारं शेवटचं तापमान यांच्यामध्ये टीसी. कडं स्पष्ट दिसलं याचा अर्थ प्रमाणही क्रिटिकलच्या जवळ आहे हा बोनस. प्रमाण तपासायची दुसरी पद्धत म्हणजे टीसीच्या थोडं खाली जाऊन फेज पूर्ण वेगळ्या होऊ द्यायच्या आणि मधली सीमारेषा कुठे येते ते बघायचं, दोन्ही फेजचं आकारमान सारखं हवं. या मिश्रणात वजनाने सुमारे ३९ टक्के ॲसिड लागतं.

कडं बघून झाल्यावर मात्र सँपल परत एकजीव करणं आलं, आणि इथे घाई केली की पुढचा आठवडा वाया जातो. टीसीच्या ०.३ अंश वर डिफ्यूजन इतकं मंदावलेलं असतं की एक मिलिमीटर अंतरावरचा प्रमाणातला फरक मिटायला अडीच लाख सेकंदांच्या घरात वेळ लागतो, म्हणजे जवळजवळ तीन दिवस. म्हणून नुसतं तापमान वाढवून वाट बघत बसू नका, सेल काढा, दोन-तीन अंश वर नेऊन चांगला हलवा, मग परत बाथमध्ये ठेवून वरून खाली लहान पायऱ्यांनी या. एकच फेज असताना खाली येत असाल तर प्रमाण आधीच सारखं असतं, त्यामुळे प्रत्येक पायरीला फक्त तापमान स्थिर व्हायची वाट बघायची असते.

आणि तापमान स्थिर करणं हेच या प्रयोगातलं खरं काम आहे, लेझर आणि डिटेक्टर सोपे. आपल्याकडे एक खास अडचण येते ती अशी की टीसी २६ अंश आणि मार्च ते जून लॅब असते ३२-३५ अंशांवर. साधा बाथ फक्त गरम करू शकतो, थंड करू शकत नाही, त्यामुळे खोलीच्या खालचं तापमान तो धरूच शकत नाही. एसी लावला तर तो चालू-बंद होताना खोलीचं तापमान एक-दोन अंश वरखाली होतं आणि तेच बाथमध्ये दिसतं. यावर उपाय म्हणजे दोन टप्प्यांचा बाथ. बाहेरचा टप्पा चिलरच्या पाण्याने टीसीच्या एक-दोन अंश खाली धरायचा, आत जाड तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा ठोकळा, त्यात सेल, आणि त्या ठोकळ्याला लहानसा हीटर. म्हणजे आतला भाग कायम थोडा थोडा तापवावाच लागतो आणि कंट्रोल व्यवस्थित चालतो. सेन्सर म्हणून १० किलोओहमचा थर्मिस्टर घ्या. त्याचा रेझिस्टन्स एका अंशाला साधारण ४ टक्के बदलतो, म्हणजे एका मिलीकेल्विनला ०.४ ओहम, हे चांगल्या मल्टिमीटरला आरामात दिसतं. पीटी-१०० या प्लॅटिनमच्या सेन्सरमध्ये तेच ओहमच्या दहा-हजारांश भागांत मोजावं लागतं. थर्मिस्टर अचूकतेसाठी फारसे विश्वासाचे नसतात पण आपल्याला टीसीपासूनचा फरक हवाय, खरं तापमान नव्हे. यूपीएसही हवाच, रात्री दोन मिनिटं लाइट गेली तरी सँपल टीसीच्या खाली घसरू शकतं आणि मग परत सगळं हलवण्यापासून सुरुवात.

रेडीमेड डीएलएस मशीनमध्ये हा प्रयोग करायचा विचार असेल तर त्याचा कंट्रोल बहुधा ०.१ अंशापर्यंतच असतो हे लक्षात घ्या. म्हणजे तुम्ही अर्ध्या अंशाच्या आत जाऊ नये.

सँपल बनवताना ॲसिड आणि पाणी वेगवेगळे ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढा आणि मग मिसळा, मिश्रण फिल्टर केलं तर प्रमाण बदलायची भीती. ॲसिडला खवट लोण्याचा वास असतो, तो कपड्यांतून दिवसभर जात नाही, तेव्हा काम फ्युम हूडमध्येच. बूच लावलेल्या क्युवेटवर भरवसा ठेवू नका, काचेची ट्यूब गोठवून ज्योतीने सील केलेली सगळ्यात चांगली. खोलीत वास येतोय याचा अर्थ सेल गळतोय आणि टीसी सरकतोय.

मल्टिपल स्कॅटरिंगबद्दल जरा जास्त लिहितो कारण छेदाचं करेक्शन केल्यावरही गॅमा १.१५ वगैरे अडकला तर कारण बहुतेक हेच असतं. एकदा स्कॅटर झालेला प्रकाश बाहेर पडायच्या आधी परत स्कॅटर होतो आणि मग कोनाला अर्थ उरत नाही. दोन गोष्टी घडतात: आत जाणारा किरण क्षीण होतो म्हणून सिग्नल कमी भरतो, आणि सगळीकडून भटका प्रकाश येतो म्हणून सिग्नल जास्त भरतो. पहिल्याचं करेक्शन सोपं आहे, पलीकडे फोटोडायोड ठेवून थेट किरणाची इंटेन्सिटी कायम नोंदवायची आणि त्याने भागायचं. दुसऱ्याला करेक्शनपेक्षा टाळणं बरं. सेल बारीक घ्या, १० मिलिमीटरऐवजी २ मिलिमीटर. नाहीतर मिश्रणच बदला, कारण स्कॅटरिंग दोन घटकांच्या रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्समधल्या फरकाच्या वर्गावर अवलंबून असतं. पाणी १.३३३ आणि आयसोब्युटिरिक ॲसिड १.३९३, फरक ०.०६. ॲनिलीन आणि सायक्लोहेक्झेनमध्ये तो ०.१६, म्हणजे सातपट जास्त स्कॅटरिंग, डोळ्यांना बघायला सुंदर पण मोजायला वाईट. ३-मिथाइलपेंटेन आणि नायट्रोइथेनमध्ये जेमतेम ०.०१६, त्यामुळे टीसीच्या खूप जवळ जाऊनही ते बऱ्यापैकी पारदर्शक राहतं, आणि म्हणूनच मेरीलँडमध्ये बर्स्टिन आणि सेंगर्स यांनी नेमक्या मोजमापांसाठी ते निवडलं. मेथेनॉल-सायक्लोहेक्झेनही लोकप्रिय आहे, टीसी ४५ अंश म्हणजे आपल्या उन्हाळ्यातही बाथला त्रास नाही, पण मेथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि थोडंसं पाणी शिरलं तरी टीसी कित्येक अंशांनी वर जातो. मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्यात ते मिश्रण उघड्यावर बनवायला जाऊ नका.

लेझरची पॉवरही कमी ठेवा, १ मिलीवॉट पुरे. तपासायचं कसं, तर वाटेत फिल्टर टाकून पॉवर निम्मी करा, इंटेन्सिटी बरोबर निम्मी झाली आणि डिके टाइम तोच राहिला तर ठीक. नाहीतर किरण सँपल तापवतोय.

आता डीएलएसकडे येतो. लेझर आल्यावर या विषयाला नवं आयुष्य मिळालं ते याच्यामुळे. १९६५ मध्ये एमआयटीत फोर्ड आणि बेनेडेक यांनी सल्फर हेक्साफ्लोराइडवर, आणि त्याच वर्षी कोलंबिया विद्यापीठात अल्पर्ट, येह आणि लिपवर्थ यांनी ॲनिलीन-सायक्लोहेक्झेनवर दाखवलं की टीसीजवळ स्कॅटर झालेल्या प्रकाशाची स्पेक्ट्रल रेष अरुंद होत जाते, म्हणजे चढउतार विरायला जास्त जास्त वेळ लागतो. १९७० मध्ये कावासाकी यांनी त्याचं सूत्र दिलं. क्यू-क्साय लहान असेल तेव्हा डिफ्यूजन कॉन्स्टंट म्हणजे बोल्ट्झमनचा स्थिरांक गुणिले तापमान, भागिले सहा पाय, स्निग्धता आणि क्साय यांचा गुणाकार. ओळखीचं वाटलं ना, हे स्टोक्स-आइन्स्टाइनचंच रूप आहे, त्रिज्येच्या जागी क्साय बसलेली. म्हणून रेडीमेड मशीन जी "पार्टिकल रेडियस" दाखवतं ती टीसीपासून लांब असताना खरोखर क्साय असते, फक्त स्निग्धता मिश्रणाची टाका, पाण्याची नको, आणि मशीन डायमीटर दाखवत असेल तर निम्मं करा. तिथे कण आहेत असं मात्र रिपोर्टमध्ये लिहू नका.

स्निग्धता २ मिलीपास्कल-सेकंद धरली तर ९० अंशांवर डिके टाइम ३ अंश लांब असताना ०.१७ मिलीसेकंद येतो, ०.३ अंशावर ०.६ च्या आसपास, आणि मग १.२ मिलीसेकंदाजवळ जाऊन थांबतो, कितीही जवळ जा. कारण क्यू-क्साय एकाच्या पुढे गेलं की प्रकाशाला क्साय दिसतच नाही, त्याच्या स्वतःच्या ५३ नॅनोमीटरच्या खिडकीतलेच चढउतार दिसतात, आणि त्यांचा वेग क्यूच्या घनावर ठरतो, टीसीपासूनच्या अंतरावर नाही. हेच तुम्हाला दिसलंय, आणि हा दोष नसून कावासाकींच्या थिअरीचा पुरावा आहे. २० अंशांचा कोन घ्या: तिथे खिडकी २१५ नॅनोमीटरची होते, लांब असताना डिके टाइम पावणेतीन मिलीसेकंद आणि थांबतो ७५ च्या आसपास. टीसीच्या अगदी जवळ वेगवेगळ्या कोनांवर डिके रेट मोजा आणि क्यूच्या विरुद्ध लॉग-लॉग काढा, लांब असताना स्लोप २ यायला हवा आणि जवळ आलात की ३ कडे सरकायला हवा. प्रोजेक्टमध्ये एवढं एकच चित्र नीट आलं तरी मी म्हणेन काम झालं. लक्षात ठेवा, हे आकडे फील्ड कोरिलेशनचे आहेत, इंटेन्सिटी कोरिलेशन दुप्पट वेगाने विरतं, सॉफ्टवेअर कोणतं देतंय ते बघून घ्या. लहान कोनांवर धूळ आणि काचेवरचे ओरखडे फार त्रास देतात, म्हणून २० च्या खाली जायचा मोह टाळा.

माझं ठाम मत असं की टीसीच्या किती जवळ गेलात यावर कौतुक होतं तितकं ते होऊ नये. २ मिलीकेल्विनवरचा बिंदू, ज्यात टीसीचीच शंका १ मिलीकेल्विन आहे आणि वर मल्टिपल स्कॅटरिंग आहे, तो फिटमध्ये घेतला तर बाकीचे सगळे चांगले बिंदूही नासवतो. ३० मिलीकेल्विन ते ३ अंश हा पल्ला कोन बदलत, टीसी दोनदा काढत, किरणाची क्षीणता नोंदवत स्वच्छ केलात तर गॅमा १.२४ च्या आसपासच येईल. त्याच्या वर, ५-१० अंश लांब गेलात तर साधा पॉवर लॉ पुरत नाही, करेक्शनच्या टर्म लागतात, तो पल्ला सोडा.

गॅसचं. करता येईल, पण आधी फरक समजून घ्या. कार्बन डायऑक्साइड ३१ अंश आणि ७३.८ बार, सल्फर हेक्साफ्लोराइड ४५.६ अंश आणि ३७.५ बार, झेनॉन १६.६ अंश आणि ५८.४ बार. शुद्ध द्रवाची कॉम्प्रेसिबिलिटी टीसीजवळ इतकी वाढते की तो स्वतःच्याच वजनाने दबतो, सेलमध्ये खाली घनता जास्त, वर कमी, आणि क्रिटिकल घनता फक्त एका पातळ थरात उरते. द्रवमिश्रणात हा त्रास फार हळू येतो, गॅसमध्ये लगेच. म्हणून मेरीलँड विद्यापीठातले रॉबर्ट गॅमन यांनी झीनो नावाचा झेनॉनवरचा लाइट स्कॅटरिंगचा प्रयोग कोलंबिया शटलवर १९९४ आणि परत १९९६ मध्ये पाठवला, उद्देश टीसीच्या १०० मायक्रोकेल्विनपर्यंत जायचा. अमेरिकेतल्याच एनआयएसटी या मोजमापांच्या संस्थेतल्या बर्ग आणि मोल्डोवर यांचा झेनॉनच्या स्निग्धतेवरचा प्रयोग २००३ मध्ये कोलंबियाच्या शेवटच्या उड्डाणात होता, कल्पना चावला ज्यात होत्या त्याच, आणि अवशेषांत सापडलेल्या हार्ड डिस्कवरून डेटा परत मिळवून तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. कावासाकींच्या सूत्रात जी स्निग्धता आपण स्थिर धरतो ती खरं तर टीसीजवळ किंचित वाढते, घातांक फक्त ०.०६९, आणि तो इतक्या नेमकेपणाने माहीत आहे तो याच मालिकेतल्या १९९७ च्या उड्डाणामुळे.

जमिनीवर करायचं तर माझी पसंती सल्फर हेक्साफ्लोराइडला, प्रेशर तिघांत सगळ्यात कमी आणि टीसी आपल्या खोलीच्या बराच वर, चिलरची गरजच नाही. तो अतिशय तीव्र हरितगृह वायू आहे, तेव्हा भरताना-काढताना हवेत सोडायचा नाही, परत सिलिंडरमध्ये गोठवून घ्यायचा. घनता ०.७४ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटरच्या अगदी जवळ हवी, आणि ती बरोबर आहे का हे मेनिस्कस (द्रव आणि वाफ यांच्यामधली सीमारेषा) सांगतो, तापवताना तो सेलच्या मध्यावरच नाहीसा व्हायला हवा, वर किंवा खाली सरकत गेला तर भरणं चुकलं. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये काचेच्या खिडक्या लावून असा सेल बनवू नका, सफायरच्या जाड खिडक्यांचा, हाय-प्रेशरचं काम करणाऱ्यांकडून करून घ्या, आणि गॅस भरायच्या आधी कामाच्या प्रेशरच्या दीडपट प्रेशरला पाण्याने टेस्ट करून त्याचा कागद सेलसोबत ठेवा.